शिरगावची दोन दिवसांची बैठक

पाच वकील दोन दिवस एका बंगल्यात ठेवायचे असतील, तर सगळ्या खुर्च्या एकसारख्या हव्यात. एक जरी हातांची खुर्ची मधे आली, तर तिच्यावर कोणी बसायचं याचा युक्तिवाद पहिला अर्धा तास चालतो, तोही तोंडातून शब्द न काढता. जेवण दोनच्या ठोक्याला हवं, कारण वकिलाचं पोट कोर्टाच्या मधल्या सुट्टीला बांधलेलं असतं. आणि टेबलावर कोरे कागद ठेवायचे नाहीत. कोरा कागद दिसला की वकील लिहायला लागतो, आणि लिहायला लागला की समोरच्याचं ऐकणं बंद.

हे शहाणपण मी विकत घेतलेलं नाही. पालघरच्या एका वकिलांच्या ऑफिसात आधी टायपिस्ट आणि मग हेडक्लार्क म्हणून वीसेक वर्षं काढली, त्यातलं आहे. संपादकांनी 'कोर्टकचेरीतल्या गमतीजमती' मागितल्या. तशा पुष्कळ आहेत. सफाळ्याच्या एका आजोबांनी पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेतली आणि न्यायाधीशांना म्हणाले, "मी घेतली, आता तुमी पण घ्या, म्हंजे फिट्टंफाट." एक नवराबायको वेगळं व्हायला आमच्याकडे आले होते. पंख्याखाली कोणी बसायचं यावरून ऑफिसातच भांडले, मग दोघं मिळून पंखा हळू फिरतो म्हणून माझ्याशी भांडले आणि जोडीनं घरी गेले. फाईल उघडलीच नाही.

पण लिहायला बसले तेव्हा यातलं काही येईना. शिरगावची बैठकच येत राहिली. तीही गमतीची आहे, निम्मी.

तर ऐंशीच्या दशकाचा मध्य. माझे यजमान बोईसरला एका कारखान्यात होते आणि मी रोज पालघरला जायची. आमच्या ऑफिसात तीन भागीदार होते आणि दोन ज्युनियर. मोठे साहेब म्हणजे ज्यांनी ऑफिस काढलं ते. साठी ओलांडलेले, अंगानं दांडगे, आणि हसले की समोरच्या पानवाल्याला ऐकू जायचं. त्यांच्याकडे सगळी गावची कामं. नवापूर, सातपाटीकडचे मच्छीमार, आतल्या पाड्यांवरचे शेतीवाले, वाटणीचे दावे, बांधाचे दावे, वाटेचे दावे. दुसरे सुधीरसाहेब, त्यांचा पुतण्या. मुंबईला सॉलिसिटरच्या ऑफिसात चार वर्षं काढून आलेला, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कधी न दुमडणारा. तिसरे पाठारे वकील. त्यांचं मत विचारलं की ते म्हणायचे, दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि डबा उघडायचे.

बोईसर-तारापूरला तेव्हा कारखान्यांच्या चिमण्या रोज नव्या उगवत होत्या. कारखाना आला की करार आले, कामगारांचे खटले आले, सांडपाण्याच्या नोटिसा आल्या. हे सगळं काम मुंबईचे वकील घेऊन जात होते आणि सुधीरसाहेबांच्या पोटात दुखत होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ऑफिस बोईसरला हलवावं, कंपन्यांची कामं घ्यावीत आणि गावचे दावे हळूहळू बंद करावेत. एकेक दावा पंधरा-पंधरा वर्षं चालतो, अशानं ऑफिस चालत नाही. मोठ्या साहेबांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. ते म्हणायचे, "मग त्यांनी जायचं कुठे?"

यावर ऑफिसात बोलणं होईना. बोलायला लागलं की कोणीतरी पक्षकार दारात चपला काढायचा. म्हणून सुधीरसाहेबांनी टूम काढली, की सगळ्यांनी दोन दिवस ऑफिसबाहेर जायचं, फोन नाही, पक्षकार नाही, आणि पुढच्या दहा वर्षांत ऑफिसनं काय करायचं ते ठरवूनच उठायचं. मुंबईच्या ऑफिसात म्हणे असं दरवर्षी करतात. मोठे साहेब कुरकुरले, पण शिरगाव म्हटल्यावर तयार झाले. तिथं किल्ल्याच्या अलीकडे एका पक्षकाराची वाडी होती, सुरूच्या बनाला लागून, आणि वाडीत रिकामा बंगला.

आणि या सगळ्याची आखणी करायचं काम माझ्याकडे आलं.

तेव्हाच्या माझ्याबद्दल काय सांगू? पस्तिशीची बाई, टायपिंगचा वेग बरा, इंग्रजी कामापुरतं, आणि डोक्यात हवा पोतंभर. नुकतीच हेडक्लार्क झाले होते. माझ्याआधी गोविंदराव नावाचे म्हातारे कारकून होते, त्यांना मी मनातून अडाणी समजायची. त्यांचं अक्षर मुंगीचं आणि डायरी म्हणजे जंगल. मी आल्या आल्या सगळं साफ केलं. फायलींना रंगीत कव्हरं घातली. कंपन्यांना निळं, बँकांना हिरवं, आणि गावच्या दाव्यांना मातकट. हा मातकट रंग मी मुद्दाम निवडला होता, मळ दिसू नये म्हणून. सुधीरसाहेबांना ही पद्धत इतकी आवडली, की बैठकीच्या कार्यक्रमात त्यांनी एक ओळ घातली: दुपारी एक, दप्तराची नवी पद्धत, आणि पुढे माझं नाव.

भागीदारांच्या टेबलाशी आजवर मी फक्त चहाचे कप मोजायला गेले होते. त्या कागदाच्या मी कार्बन घालून पाच प्रती टाईप केल्या, आणि सहावी काढली ती स्वतःसाठी. घरी नेऊन यजमानांना दाखवली. ते म्हणाले, "एक ते दोन? म्हणजे सगळे भुकेले असणार." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

आता बाहेरच्यांना सांगायला हवं, की वकील दोन दिवस गायब होणं म्हणजे काय असतं. डॉक्टर रजेवर गेला तर दवाखाना बंद राहतो. वकील रजेवर गेला तरी कोर्ट चालूच असतं. ज्या दिवशी जी प्रकरणं लागलेली, त्यांचा पुकारा होणारच. म्हणून प्रत्येक प्रकरणात मुदतीचा अर्ज द्यावा लागतो. त्याचा मायना ठरलेला: वादीचे वकील प्रकृती अस्वास्थ्यामुळे हजर राहू शकत नाहीत, तरी पुढील तारीख मिळावी. आमच्या धंद्यात प्रकृती अस्वास्थ्याचा अर्थ काहीही होतो. मुलीचं लग्न असतं, दुसऱ्या कोर्टात काम असतं, कधी तयारीच झालेली नसते. न्यायाधीशांना ठाऊक असतं, समोरच्या वकिलाला ठाऊक असतं. तो अर्जावर 'हरकत नाही' लिहितो, कारण पुढच्या महिन्यात त्याचीही प्रकृती बिघडणार असते.

शुक्रवार आणि कोर्टाच्या सुट्टीचा शनिवार ठरला. डायरीत शुक्रवारी चार प्रकरणं होती. एक निळं, तिथं मी स्वतः कंपनीच्या मॅनेजरला फोन करून माफी मागितली. तीन मातकट. त्यांना कळवायची पद्धतच नव्हती. गावचा माणूस तारखेला येतो, कोर्टाच्या व्हरांड्यात बसतो, पुकारा झाला की उठतो, आणि पुढची तारीख ऐकून घरी जातो. त्याला आधी कळवावं असं मला सुचलं नाही, आणि ऑफिसात आणखी कोणालाही सुचलं नाही.

त्या तिघांतला एक दावा नवापूरच्या जानकीबाईचा होता.

जानकीबाई विधवा. समुद्राकाठी तिचं घर आणि घरापुढं खळं, म्हणजे मासळी वाळवायची शेणानं सारवलेली जागा. बांबू आडवे बांधून त्यावर बोंबील टांगायचे आणि पावसाळ्यात ते सुके बोंबील विकून खायचं, हा तिचा संसार. जागेच्या कागदावर नाव मात्र तिच्या चुलतसासऱ्याचं. तो मेला आणि त्याच्या मुलानं, म्हणजे जानकीबाईच्या दिरानं, सगळी जागा आपली म्हणून बोईसरच्या एका माणसाला विकायला काढली. जानकीबाई म्हणायची की वाटणी झालेली आहे, चाळीस वर्षांपूर्वी, तोंडी. कागद नाही. तोंडी वाटणी कायद्याला चालते, पण ती पाहिलेला माणूस उभा करावा लागतो. तसा एकच माणूस जिवंत होता, धर्माबाबा. ऐंशीच्या पुढचा, नात्यातला नाही, नुसता शेजारी.

दोन वर्षं सरकत सरकत त्या दाव्यात धर्माबाबाच्या साक्षीची तारीख आली होती, आणि ती तारीख म्हणजे तो शुक्रवार.

हे मला डायरीत दिसलं नाही. गोविंदरावांच्या त्या जंगलात प्रत्येक प्रकरणापुढे मुंगीच्या अक्षरात एक शब्द असायचा. युक्तिवाद, हुकूम, साक्ष, काही नसेल तर 'नुसतीच'. म्हणजे त्या दिवशी तिथं काय व्हायचंय ते. मी डायरी सुबक केली तेव्हा तो रकाना काढून टाकला. गिचमिड दिसायची म्हणून. माझ्या डायरीत होता फक्त क्रमांक, पक्षकाराचं नाव आणि रंगीत पेन्सिलीचा ठिपका. मातकट ठिपका बघितला आणि अर्ज टाईप केला. मोठ्या साहेबांपुढे चार अर्ज सहीला ठेवले. बैठकीच्या नादात त्यांचंही चित्त नव्हतं, त्यांनी माझ्या भरवशावर सह्या केल्या. पूर्वी गोविंदरावांच्या भरवशावर करायचे तशा.

शुक्रवार उजाडला. मी मोरपंखी रंगाची कडक साडी नेसले होते. समुद्राच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगत होती आणि मी ती दोन्ही हातांनी दाबत खुर्च्या मोजत होते. सुरुवात चांगली झाली. सुधीरसाहेबांनी फळ्यावर कोष्टक काढलं. पाठाऱ्यांनी दोन्ही बाजूंत तथ्य असल्याचं सांगितलं. साडेबाराच्या सुमाराला मी बाहेर दारापुढच्या ओट्यावर येऊन माझं भाषण पाठ करत उभी राहिले. पहिलं वाक्य होतं, "दप्तर हा ऑफिसचा आरसा आहे." आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

तेवढ्यात वाडीच्या फाटकातून दोन माणसं आत आली. जानकीबाई, आणि तिचा दंड धरून धर्माबाबा.

काय झालं होतं ते तिच्या बोलण्यातून कळलं. दोघं सकाळी नवापूरहून निघून कोर्टात आली. पुकारा झाला, साहेब आजारी असं कळलं. कोर्टाबाहेर आमच्या खुर्च्या वाहून नेणारा टेम्पोवाला भेटला. तो म्हणाला, साहेब शिरगावला आहेत. आजारी माणूस, समुद्राकाठी, म्हणजे हवापालटाला, असं त्यांनी धरलं. बाजारातून दोन शहाळी घेतली आणि एसटीनं साहेबांची तब्येत विचारायला आली.

"साहेब कसे हायेत?" जानकीबाईनं विचारलं.

"बरे आहेत," मी म्हणाले, आणि लगेच सावरून म्हणाले, "म्हणजे बरं नाहीये. पडलेत."

धर्माबाबा पायरीवर बसला. त्याच्या पावलांना सूज होती, चपलांचे पट्टे रुतले होते. श्वास घेताना छातीतून पातेल्यात पाणी उकळावं तसा आवाज येत होता. हे सगळं मी पाहिलं. न पाहिल्याचं सोंग आज करणार नाही.

"ताप हाय?" त्यानं विचारलं.

"थोडा."

"शहाळ्याचं पानी दे. तापाला बरं."

जानकीबाईनं शहाळी माझ्या हातात दिली. मग जरा जवळ येऊन म्हणाली, "बाय, याला एकदा साहेबाला भेटू दे. आज याचं बोलनं व्हायचं व्हतं कोर्टात. आता परत कवा?"

तेव्हा मला कळलं, की आज साक्ष होती. पुढची तारीख सव्वा महिन्यानंतरची होती, ती मी सांगितली. धर्माबाबानं ती मनात घोळवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू लिवनारी ना? मग मी आत्ता सांगतो, तू लिवून घे."

आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तो सांगायला लागला. "हिचा सासरा न् त्याचा भाव, दोगं उभे व्हते. भांडन नाय, काय नाय. मला बोलले, धर्मा, तू ना याचा ना त्याचा. तू दर्याकडनं घराकडं चाल. तू चालशील ती हद्द. मी चाललो. मागनं हिचा सासरा काठीनं रेघ वढत आला. मी वळून पन बघितलं नाय, कोनाकडं जास्ती जाते ते. अजून चालून दाखवीन. पाय सांगतात मला."

आमच्या पंचवीस पानी दाव्यात ही वाटणी एका ओळीत होती. माणूस चालला आणि हद्द झाली, हे त्या ओळीत नव्हतं.

मी म्हणाले, "बाबा, असं चालत नाही. न्यायाधीशांसमोर, शपथेवर सांगावं लागतं."

"दर्याची घेतो. हा काय समोर."

मी हसले. कायद्यानं माझं बरोबरच होतं. ओट्यावर घेतलेल्या साक्षीला काडीची किंमत नसते. पण धर्माबाबाला साक्ष कशी घेतात हे शिकायचं नव्हतं. त्याला साहेबांना भेटायचं होतं, आणि साहेब माझ्यापासून दहा पावलांवर होते. मी दार उघडून आत गेले असते आणि धर्माबाबा आलाय एवढे दोन शब्द बोलले असते, तर ते बैठक टाकून बाहेर आले असते. कोर्ट पावणेतीनला पुन्हा बसणार होतं. न्यायाधीशांनी दिलेली मुदत परत घेतली असती की नाही, सांगता येत नाही. पण त्या पायांची सूज मोठ्या साहेबांनी एकदा बघितली असती, तर सोमवारी त्यांनी कमिशनचा अर्ज नक्की दिला असता. कमिशन म्हणजे साक्षीदार फार म्हातारा, आजारी असेल तर कोर्ट एखाद्या वकिलाला त्याच्या घरी पाठवतं आणि साक्ष तिथंच लिहून घेतं. नवापूरला, त्याच्या खाटेशी. ही सोय होती. आम्ही ती आधीही वापरली होती. अर्ज मीच टाईप केलेले होते.

पण माझ्या हातात घड्याळ होतं आणि त्यात पाऊण वाजला होता. मोठे साहेब बाहेर आले की काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. पायरीवर म्हाताऱ्याशेजारी मांडी घालून बसले असते, तासभर हललेच नसते. मग जेवण, आणि मग एक वाजताची ती ओळ आणि पुढचं माझं नाव, कायमचं राहून गेलं असतं.

मी म्हणाले, "डॉक्टरांनी कोणालाही भेटायची मनाई केलीय."

जानकीबाईनं एकदा दाराकडे बघितलं. धर्माबाबानं मान हलवली, डॉक्टरचं ऐकायला हवं म्हणाला, आणि माझा हात धरून उठला. हात गरम होता. दोघं सुरूच्या सावलीतून फाटकाकडे गेली. त्याला फार वेळ लागला. मी घड्याळ बघत होते.

एक वाजता मी आत गेले आणि वीस मिनिटं बोलले. आरसा, निळा, हिरवा, मातकट. ज्युनियर मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुधीरसाहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात हात दिला. मोठे साहेब म्हणाले, "छान बोललात हो बाई," आणि मग सहज विचारलं, "बाहेर कोण आलं होतं?"

"शहाळीवाला," मी म्हणाले.

जेवणानंतर ती शहाळी फोडली. त्यातलं एक पाठारे प्याले आणि शिरगावच्या पाण्याची गोडीच वेगळी असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ठराव झाला. ऑफिस बोईसरला. गावचे नवे दावे घ्यायचे नाहीत. मोठे साहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते, मग म्हणाले, हातात आहेत तेवढे मी संपवतो, त्याला तरी ना म्हणू नका. त्याला कोणी ना म्हटलं नाही. ठराव मी टाईप केला. एकही चूक नव्हती.

सोमवारी ऑफिसात गेले ते ठरवूनच, की आज सांगायचं. सोमवारी दोन कंपन्यांची माणसं आली. मंगळवारी सांगायचं ठरवलं. सांगायचं तर शहाळीवालाही सांगावा लागणार होता. बुधवारी वाटलं, सव्वा महिन्याचाच तर प्रश्न आहे. म्हातारी माणसं चिवट असतात. असं करत करत तीन आठवडे गेले, आणि एका सकाळी जानकीबाई ऑफिसात आली. खुर्चीवर बसली नाही. मोठ्या साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, बाबा गेला."

मोठ्या साहेबांनी डायरी मागवली. शुक्रवारचं पान काढलं, ठिपके बघितले. मग फाईल मागवली आणि आतला कागद वाचला, ज्यावर त्यांच्याच अक्षरात 'साक्ष' लिहिलेलं होतं. मी भिंतीशी उभी होते. ते मला टाकून बोलले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "अर्जावर सही माझी आहे." त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः पट्टी घेऊन माझ्या डायरीत एक रकाना आखला. सगळ्या वर्षाच्या पानांवर.

शिरगावला ती दोघं आली होती हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. ते जाऊन आता खूप वर्षं झाली.

दावा मात्र मोठ्या साहेबांनी सोडला नाही. आणखी दोन साक्षीदार उभे केले, पण त्यांनी सांगितलं ते धर्माबाबाकडून ऐकलेलं. ऐकीव गोष्टीवर कोर्ट हद्द आखत नाही. वर्षभरानं निकाल लागला, जानकीबाईच्या विरुद्ध. वरच्या कोर्टात जाऊनही तिथं नवा धर्माबाबा मिळणार नव्हता. आम्ही तोवर बोईसरला आलो होतो. नव्या ऑफिसात माझ्या टेबलावर लाकडी पाटी होती, 'ऑफिस मॅनेजर'. रोज सकाळी मी ती फडक्यानं पुसायची. इतकी, की अक्षरांवरचा रंग उडाला.

निकालाची नक्कल पक्षकारानं येऊन न्यायची असते. जानकीबाई आली नाही. महिन्यानं मी ती पिशवीत घालून नवापूरला गेले. कोणी पाठवलं नव्हतं.

ती खळ्यात होती. बांबू सोडून एका बाजूला रचत होती. विकत घेणाऱ्याच्या माणसांनी समुद्राकडच्या अंगाला तारेच्या कुंपणासाठी खड्डे खणून ठेवले होते, एका ओळीत, खळ्याच्या बरोब्बर मधून. घरात दिरानं तिला ती असेपर्यंत राहू दिलं होतं. मासळी वाळवायला ती आता शेजारणीच्या जागेत जाणार होती. मी नक्कल दिली. तिनं ती न उघडता दाराच्या वर खोचून ठेवली. पाणी दिलं. बसायला फळी दिली.

मी म्हणाले, "जानकीबाई, मला एक सांगायचंय. त्या दिवशी साहेब आजारी नव्हते."

ती सुतळीच्या गाठी सोडत राहिली. मला वाटलं तिनं ऐकलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला लागले.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोन कशाला सांगंल? आत हसत व्हते ना साहेब. त्यांचं हसनं फाटकापावेतो येत व्हतं."

मला ते हसणं त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं. मी भाषण पाठ करत होते.

"बाबानं पन ऐकलं," ती म्हणाली. "एसटीत बसेपर्यंत मला तेच सांगत व्हता. जानके, साहेब बरा हाय गं, हसतो हाय. आता पुढल्या तारखेला येल. खूश झाला व्हता बाबा."

मग विचारलं, आणि विचारताना माझा आवाज चढला, जसं काही चूक तिचीच होती, "मग आत का नाही गेलात? दाराशी येऊन साहेबांना एक हाक मारायची होती."

तिनं हातातली सुतळी गुंडाळली, बांबूंच्या ढिगावर ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही. लहान मुलाला समजावून सांगतात तसं म्हणाली,

"दारात तू उभी व्हतीस ना, बाय."